बारवेवरची दोरी

एका गावात एकही माडी नव्हती. घरं होती, गोठे होते, पाटलाचं तर चांगलं दहा खणांचं घर होतं. पण सगळं एकाच मजल्याचं. का, म्हणून विचारलं तर गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगायचं, "आईच्या डोक्यावर कुणी न्हाई."

आई म्हणजे गावदेवी. तिचं देऊळ बांधलं तेव्हा गाव गरीब होतं, म्हणून देऊळ बुटकं झालं. कळस धरून उंची दीड पुरुष, म्हणजे एका माणसाच्या खांद्यावर दुसरं अर्धं माणूस बसवलं तर जेवढं होईल तेवढी. पुढे गावाकडे चार पैसे आले, पण कुणीही आपलं छप्पर त्या कळसाच्या वर नेलं नाही. घर शाकारायला वर चढायचं तर आधी देवीला कौल लावायचा. चिंचा पाडायच्या त्या खालूनच, लांब काठीने. माकडांना मात्र हा नियम कुणी सांगितलेला नव्हता, त्यामुळे गावातल्या उत्तम चिंचा त्यांच्याच वाट्याला जात. गावाने तेही सोसलं होतं.

दुसरी रीत पदराची. थोरामोठ्यांसमोर लेकीसुनांनी पदर डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढायचा. त्या गावात सासऱ्याला सुनेची हनुवटी तेवढी ठाऊक असायची.

या गावाच्या जत्रेला एका उन्हाळ्यात डोंबारी आले. दोरीवरून चालायचा खेळ करणारं ते एक लहानसं बिऱ्हाड होतं: म्हातारा, त्याचा ढोलकं वाजवणारा मुलगा आणि सून. अशा गोष्टींत माणसांना नावं नसतात, आणि नसली तरी काही अडत नाही. पण सुनेचं नाव मी सांगणार आहे. नाहीतर जन्मभर ती "डोंबाऱ्याची सून" एवढीच राहील, आणि ते मला पटत नाही. तिचं नाव सारजा.

म्हाताऱ्याचा उजवा पाय थरथरायला लागला होता, म्हणून गेल्या वर्षापासून दोरीवर सारजा चालायची. खेळाची मुख्य मात्र ती अजून झाली नव्हती. मुख्याच्या हाती एक तोलकाठी असते. दोरीवर तोल सांभाळायला आडवी धरतात ती. यांच्या काठीला दोन्ही टोकांना पितळी कडी होती, आणि तीन पिढ्यांच्या तळहातांनी ती मधोमध गुळगुळीत झाली होती. सारजाला ती खेळापुरती मिळायची. खेळ संपला की परत म्हाताऱ्याच्या हातात. कारण त्यांच्यात कायदा असा होता: एका हंगामात बारा गावांना ओळीने खेळ दाखवायचा. एकदाही पडायचं नाही आणि एकाही गावाने खेळ मोडून परत पाठवता कामा नये. बारावं गाव झालं की काठी कायमची हातात. मध्ये कुठे मोडलं की पुढल्या हंगामात पुन्हा एकपासून.

सारजाची अकरा गावं झाली होती. हे बारावं होतं आणि यानंतर पावसाळा लागणार होता. पुढच्या हंगामापर्यंत म्हातारा असेल की नाही, हे कुणी बोलत नव्हतं, पण तिघांच्याही मनात तेच होतं. सारजाला ती काठी म्हाताऱ्याच्या हातून हवी होती. तो गेल्यावर भिंतीला टेकलेली उचलून घ्यायची नव्हती.

तर ते आले आणि त्यांनी नेहमीसारखे देवळापुढच्या पटांगणात बांबू उभे केले. उंच, उभे, लांबून दिसणारे. दोरी अजून ताणलीही नव्हती तोच पाटील चार वडीलधाऱ्यांना घेऊन आला.

पाटील वाईट माणूस नव्हता. त्याने आधी रामराम केला, पाणी मिळालं का विचारलं, जत्रेचं जेवण घ्या म्हणाला. मग म्हणाला, "पण बांबू उतरवा."

"उतरवू? मग खेळ कशावर करायचा, पाटील?" म्हाताऱ्याने विचारलं.

"खालीच करा की. गुडघाभर दोरी बांधा. आमच्या आईच्या डोक्यावर कुणी न्हाई जात. हिथं माडी बांधत न्हाई आम्ही, तुम्ही तर पार आभाळात निघालात."

म्हातारा ताठ झाला. "आमच्यातबी एक रीत हाय. दोन पुरुषांच्या खाली दोरी बांधायची न्हाई. खाली पडून लागत नसंल तर त्यो खेळ न्हाई, थट्टा हाय. माझ्या बापानं शिकवलंय मला."

"असंल. पण गाव आमचं हाय." पाटलाने मग सारजाकडे न बघता म्हटलं, "आणि दोरीवर ही बाई चालणार ना? मग आमच्या सुनांसारखा पदर पाहिजे. नाकापर्यंत. देवीसमोरचा मामला हाय. दोन्ही जमत असंल तर खेळ करा, न्हाईतर जेवून सुखानं पुढं जावा."

बांबू उतरले. म्हातारा रागाने दोरीचं वेटोळं घालायला लागला. इतक्यात जत्रेत रेवड्या विकायला आलेला शेजारच्या गावचा एकजण जवळ सरकला. म्हणाला, "अहो, ही माणसं जुन्या डोक्याची. ओढ्याच्या पलीकडं आमची हद्द लागते. तिथं बांधा दोरी, पाहिजे तेवढी उंच. आम्ही सगळे येतो. ह्यांना हिथनं दिसंलच, बसू द्यात जळत."

म्हाताऱ्याला ही गोष्ट एकदम आवडली. राग आलेल्या माणसाला असले सल्ले फार लवकर आवडतात.

"मामा," सारजा म्हणाली, "एक दिस थांबा."

"कशाला? आणखी अपमान करून घ्यायला?"

"जत्रा ह्या गावाची, आणि ह्यांना खिजवायला आपण पलीकडं जाऊन खेळ करायचा? त्यो खेळ कुणासाठी मग? आणि बारावं गाव कुठलं मोजायचं? ओढा?"

म्हाताऱ्याने हातातलं वेटोळं खाली ठेवलं. मोजणी त्याच्याच घराण्याची होती.

सारजाने नवऱ्याला बरोबर घेतलं आणि मुक्कामाला ठोकलेल्या पालामागे, कुणी बघत नाही अशा जागी, दोन खुंट्या ठोकून गुडघाभर उंचीवर दोरी बांधली. तिला बघायचं होतं, गावाचं ऐकलं तर नेमकं काय जातं. आधी ती उघड्या डोक्याने चालली. या टोकापासून त्या टोकापर्यंत व्यवस्थित गेली. मजा काहीच नव्हती, पण चालणं तेच होतं. मग तिने पदर नाकापर्यंत ओढला आणि पुन्हा दोरीवर चढली.

तिसऱ्या पावलाला पडली. पुन्हा चढली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा तर पहिल्याच पावलाला.

दोरीवर चालणारा माणूस पायाकडे बघत नाही, हे तुम्हांला ठाऊक नसेल. तो दोरीच्या पलीकडच्या टोकाला एक ठिकाण धरतो आणि नजर तिथून हलवत नाही. पाय त्या नजरेच्या मागून जातात. पदराने ते ठिकाणच झाकलं गेलं होतं. गुडघाभर उंचीवरून पडल्याने सारजाच्या अंगाला काही लागलं नाही, पण मनाला फार लागलं. अकरा गावांत ती एकदाही पडली नव्हती.

ती उठली, धूळ झटकली आणि नवऱ्याला म्हणाली, "उंची मागत असतील तर देईन. डोळं न्हाई देणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घागर घेऊन पाण्याला गेली. गावाची एक बारव होती, देवळाला अगदी लागून. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर: तीन बाजूंनी दगडी पायऱ्या पार पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या आणि चौथ्या बाजूला सरळ भिंत. उन्हाळ्यामुळे पाणी खोल गेलं होतं. तिथे पाणी भरायला कुणालाच मज्जाव नव्हता, एवढी एक गोष्ट त्या गावाची फार चांगली होती.

सारजाने मनाशी ठरवलं होतं, खेळाचं काय व्हायचं ते होवो, पण जमिनीवर असेपर्यंत गावाची रीत पाळायची. ज्यांचं पाणी पितो त्यांचा मान राखायचा. म्हणून तिने पदर नाकापर्यंत ओढला, कमरेवर घागर घेतली आणि चाचपत चाचपत बारव उतरायला लागली.

पाचव्या पायरीला तिचा पाय शेवाळावरून सटकला. घागर हातातून सुटली आणि ठण ठण करत पायऱ्या उतरत थेट पाण्यात गेली. सारजाही तिच्या मागोमाग जायची, पण दोघीतिघींनी तिला दंडाला धरून आवरलं.

"अगं ए, येडी का खुळी तू!" वरच्या पायरीवरून आवाज आला. तिथे पाटलाची आई बसली होती. घरात चार सुना असूनही ही म्हातारी रोज सकाळी बारवेवर यायची. पाणी भरायला नव्हे, कोण काय भरतंय ते बघायला. "हिथं पदर खोचायचा असतो! आईनं शिकवलं न्हाई व्हय तुला?"

सारजाने पदर वर केला आणि बघतच राहिली. बारवेत दहाबारा बायका होत्या. एकीच्याही डोक्यावर पदर नव्हता. सगळ्यांनी तो खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला होता, आणि डोक्यावर दोनदोन घागरी घेऊन त्या भराभर पायऱ्या चढत होत्या.

"आई, तुमच्या पाटलांनीच सांगितलं," सारजा म्हणाली, "पदर नाकापर्यंत पाहिजे म्हणून."

सगळ्या बायका खदखदून हसल्या. म्हातारीही हसली. "त्यो कधी बारव उतरलाय डोक्यावर घागर घिऊन?"

मग ती सारजाला जवळ बसवून सांगायला लागली, "लई मागची गोष्ट हाय. माझ्या आजेसासूच्याबी आधीची. एक नवी सून पदर नाकापर्यंत घिऊन उतरली ती वर आलीच न्हाई. तवा गावानं कौल लावला. आईनं उजवा कौल दिला. तवापासनं पहिल्या पायरीला पदर खोचायचा, वर आलं की सोडायचा. आई काय म्हणती, माझा मान राखा. जीव द्या म्हणत न्हाई ती."

सारजा घागर काढायला खाली पाण्यापर्यंत उतरली. या वेळी पदर खोचून, बाकीच्या बायकांसारखाच. घागर हाताला लागली. ती भरून घेताना तिने सहज वर पाहिलं.

बारवेच्या काठावर एक शेळी उभी होती, पालापाचोळा खात. रोजचीच, गावातली शेळी. पण खालून बघताना ती केवढी उंच दिसत होती! तिच्यामागे निळं आभाळ होतं, आणि आभाळात तिच्यापेक्षा वर देवळाचा कळस.

सारजाने घागर तिथेच पायरीवर ठेवली आणि धावत वर गेली. पालाशी जाऊन म्हणाली, "मामा, दोरी आणा. मापायची."

बायका पाणी भरून घरी गेल्या तसं म्हाताऱ्याने बारवेच्या काठावरून दोरीला दगड बांधून खाली सोडला. ती वर ओढून हातांनी मोजली. काठापासून पाण्यापर्यंत चार पुरुष.

"दोरी जमिनीच्या बरोबरीला बांधायची," सारजा सांगत होती. "या काठापासून त्या काठापर्यंत. मी वर चढणारच न्हाई, मामा. मी भुईवरच असेन, फक्त भुई नसंल. गाव पायऱ्यांवर बसंल, खाली. त्यांच्या डोक्यावर दोरी दोन पुरुष, तीन पुरुष. तुमच्या बापाची रीत मोडत न्हाई आणि आईच्या डोक्यावरबी कुणी जात न्हाई."

"आणि पडलीस तर?" म्हाताऱ्याने विचारलं.

"तर लागंल," सारजा म्हणाली. "म्हंजी थट्टा न्हाई, खेळच हाय."

म्हाताऱ्याने बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसून घेतलं.

दोघं पाटलाकडे गेली. दोरी जमिनीलगत म्हटल्यावर पाटलाची काहीच हरकत नव्हती. उलट त्याला युक्ती आवडली. पण मग तो म्हणाला, "आणि पदर?"

"देवळात येईन तवा नाकापर्यंत घेईन," सारजा म्हणाली. "गावातनं चालंन तवाबी घेईन. बारवेच्या काठाला आले की खोचीन. तुमच्याच सुना खोचतात तसा."

"सुना खोचतात?" पाटलाला हे खरोखरच माहीत नव्हतं. सकाळी बायका पाणी भरत असताना पुरुषाने बारवेकडे फिरकायचं नाही, हीही त्या गावची रीतच होती. स्वतःच्या गावची निम्मी रीत त्याला ठाऊक नव्हती, कारण ती बायकांकडे होती.

"तू माझ्या पोटात आठ महिन्यांचा होतास तवा मी पदर खोचून बारव उतरत हुते," आतल्या दारातून त्याची आई म्हणाली. "म्हणून तू हिथं पाटीलकी करायला बसलास."

पाटील जरा ओशाळला. "पण आये, ते बायाबायांत. हिथं पुरुषमाणसं बसणार. काही वंगाळ झालं तर गाव मला विचारंल."

"मग नीट बसावं त्यांनी. डोळं त्यांचं हायती का हिचं?" म्हातारी म्हणाली. "आणि गावानं इचारलं तर मला इचारा म्हणावं. मी हाय."

झालं. खेळ ठरला.

जत्रेच्या दिवशी, उन्हं कलती झाल्यावर, सगळं गाव बारवेच्या पायऱ्यांवर येऊन बसलं. एका बाजूला बायका, समोर पुरुष, पोरं मिळेल तिथे. पुरुषांतले बरेचजण आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या खाली उतरले होते. पायऱ्या किती उंच आणि किती निसरड्या आहेत, यावर ते आपापसांत बोलत होते, आणि समोर बसलेल्या त्यांच्या बायका काही न बोलता ऐकत होत्या.

वर, काठापासून काठापर्यंत, दोरी ताणलेली होती. एका टोकाला लिंबाचा बुंधा, दुसऱ्या टोकाला बैल बांधायचा जुना दगडी खांब.

सारजा नाकापर्यंत पदर घेऊन देवळात गेली. पाया पडली. तशीच चालत बारवेच्या काठाशी आली. तिथे थांबून तिने पदर डोक्यावरून काढला, खांद्यावरून पुढे घेतला आणि कमरेला खोचला. तो खोचताना बायकांच्या बाजूने एक कुजबुज उठली. ती नापसंतीची नव्हती. ही तर आपल्यातलीच, असं म्हणणारी होती.

लिंबाखाली उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने मात्र ओठ चावला. सारजाने पदर गावच्या बायकांसारखा खोचला होता, नुसता. पायऱ्या उतरायला तेवढं पुरतं. दोरीवर चढणारी बाई पदर तसा खोचत नाही. ती कमरेला दोन वेढे घेऊन पक्की गाठ मारते. हे त्यानेच तिला शिकवलं होतं. गावाला बरं वाटावं म्हणून सारजा स्वतःची रीत विसरली होती. पण आता ओरडून सांगायला वेळ नव्हता. ढोलकं सुरू झालं होतं आणि तिचं पहिलं पाऊल दोरीवर पडलं होतं.

चार पावलं गेली, दहा गेली. खाली चार पुरुषांवर पाणी आणि भोवती दगड. काठी आडवी, नजर समोरच्या खांबावर. पोरांनी आ वासला होता.

बारवेच्या मधोमध गार वाऱ्याचा एक झोत खालून वर येतो. पाणी भरणाऱ्या बायकांना तो ठाऊक असतो; तो पायऱ्यांवर सुखाचा वाटतो. सारजा बरोबर मध्ये पोचली आणि तो झोत आला. खोचलेला पदर सुटला. खांद्यावरून घसरला आणि वाऱ्यावर दोरीखाली फडफडायला लागला.

सारजाचा डावा हात काठीवरून हलला. तीन दिवस ती या गावात उठताबसता पदर सांभाळत होती. हाताला ती सवय लागली होती, आणि हात आपसूक पदराकडे निघाला. काठीचं एक टोक खाली झुकलं आणि दोरी हेलकावली. वर म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले.

"काठी सोडू नको, पोरी!"

पाटलाची आई उभी राहिली होती. गुडघे दुखतात म्हणून जी देवळातसुद्धा बसून पाया पडायची, ती पायरीवर ताठ उभी होती. "काठी सोडू नको! पदराचं आमी बघतो!"

आणि पुरुषांच्या बाजूला वळून ती गरजली, "खाली बघा रे सगळी!"

पहिल्यांदा पाटलाने मान खाली घातली. मग त्याच्या शेजारच्याने. मग एकेक पायरी करत सगळ्यांनी. पैलवान, म्हातारे, मिशा फुटलेली पोरं, सगळे पाण्याकडे बघत बसले. रेवडीवाला तेवढा वर बघत राहिला होता. शेजारच्याने त्याचं डोकं धरून खाली केलं.

सारजाने हे पाहिलं नाही, तिची नजर खांबावरच होती. पण तिने म्हातारीचा शब्द ऐकला, आणि तिचा हात परत काठीवर आला. झुकलेलं टोक हळूहळू वर आलं. दोरी शांत झाली. पदर वाऱ्यावर होता तिथेच होता. त्याच्याकडे तिने लक्ष दिलं नाही. तिने पुढचं पाऊल टाकलं.

खाली बघणाऱ्या पाटलाला पाणी दिसत होतं. पाण्यात एक रेघ होती, रेघेवर एक लहानशी आकृती सावकाश चालली होती. आणि त्या आकृतीच्या पलीकडे, तिच्याहून कितीतरी वर, कळस होता. आईच्या डोक्यावर कुणी नव्हतं. पाटलाने गुपचूप हात जोडले.

ढोलक्याचा शेवटचा ठेका पडला तेव्हा सारजा पलीकडच्या काठावर होती. बायका तिच्याआधी तिथे पोचल्या होत्या. पाटलाची आई धापा टाकत पायऱ्या चढून आली. तिने लोंबणारा पदर उचलला, झटकला आणि स्वतःच्या हाताने सारजाच्या डोक्यावर घेतला. फक्त केसांपुरता. नाकापर्यंत ओढला नाही.

"आता बघा रे वर," ती म्हणाली, आणि मग बारवेत असा काही गलका उठला की चिंचेवरची माकडं पळाली.

सारजा सासऱ्यासमोर आली आणि नेहमीसारखी काठी परत द्यायला तिने पुढे केली. म्हाताऱ्याने ती घेतली. पितळी कडी धोतराच्या सोग्याने पुसली. त्याचा पाय थरथरत होता, पण हात नव्हता. मग त्याने काठी परत तिच्या दोन्ही हातांत ठेवली.

"बारा," तो म्हणाला. मग, पुन्हा खेळकरी होत, तो म्हणाला, "गाठ मारायला विसरलीस."

"पुन्हा न्हाई विसरायची, मामा."

निघताना पाटील सोडायला वेशीपर्यंत आला. म्हणाला, "पुढल्या वर्षी यायचं. जागा हीच, बारवेची."

"येऊ की," सारजा म्हणाली. "पण पाटील, एक आधीच सांगते. देवीपुढं पदर घेईन, तुमच्या दारात घेईन. दोरीवर मात्र माझ्या पद्धतीनं. दोन वेढं आणि गाठ."

पाटील हसला. "तू तुझ्या गाठीचं बघ. खाली बघायचं आम्ही बघतो."

ती दर वर्षी येत राहिली. माडी त्या गावात अजूनही नाही. पण तिसऱ्या वर्षी तिच्या ध्यानात आलं, की पाण्याला जाणाऱ्या बायका पदर नुसता खोचत नाहीत. पहिल्या पायरीला थांबून कमरेला दोन वेढे घेतात आणि गाठ मारतात. त्यानंतर त्या बारवेत घसरून कुणी पडलं नाही म्हणतात. आणि ती गाठ कुठून आली असं विचारलं, तर गावातल्या बायका सांगतात, "आमच्यात पहिल्यापासनंच अशी रीत हाय."

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: पाहुण्याने यजमानाची रीत मनापासून पाळावी, म्हणजे ती कुठे सैल होते तेही त्याला कळतं, पण ज्याच्यावर आपला तोल आहे ती काठी कुणाच्याही मानासाठी सोडू नये. आणि यजमानाला आपली मर्यादा फारच जपायची असेल, तर त्याने आधी स्वतःची मान खाली घालावी.